मालकांनाही विचारा, कामगारांनाही: आपल्या भागाच्या आर्थिक वातावरणाची पाहणी कशी करावी

कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यात, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी किंवा शहरातल्या शिवाजी उद्यमनगरात, ‘सध्या कसं चाललंय?’ असं विचारलं की दोन उत्तरं वारंवार कानावर येतात. फौंड्रीवाले, म्हणजे धातूचं ओतकाम करणारे कारखानदार, म्हणतात, माणसं मिळत नाहीत. बाहेर टपरीवर उभा असलेला हेल्पर म्हणतो, काम मिळत नाही. दोघंही खरं सांगत असतात. मालक ज्या पगारात, ज्या शिफ्टला आणि ज्या उष्णतेत माणूस शोधतोय, त्या अटींवर माणूस मिळत नाही. कामगाराला जेवढ्या पैशात खोलीभाडं आणि घरखर्च भागेल, तेवढ्यात काम मिळत नाही. यांपैकी एकालाच विचारून अहवाल लिहिला, तर त्या भागाचं निम्मंच चित्र हाती येतं. दुर्दैवाने आपल्याकडे बहुतेक वेळा निम्मंच चित्र छापलं जातं, कारण मालकांची संघटना असते, तिचं कार्यालय असतं, फोन नंबर असतो. कामगार विखुरलेला असतो.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांना आपल्या तालुक्याची, एमआयडीसीची किंवा यंत्रमागाच्या गावाची पाहणी स्वतः करायची आहे: कॉलेजचा अर्थशास्त्र विभाग, उद्योजकांची संघटना, कामगार संघटना, एखादी सहकारी बँक, स्थानिक पत्रकार. उदाहरणं कोल्हापूर जिल्ह्यातली घेतली आहेत, कारण फौंड्री, यंत्रमाग, साखर, गूळ आणि हुपरीची चांदी असे अगदी वेगवेगळ्या स्वभावाचे धंदे इथे एकमेकांच्या शेजारी आहेत. पद्धत मात्र कुठेही चालेल.

मोठ्या पाहण्यांकडून काय घ्यायचं

हे काम नवं नाही. म्युनिकची इफो संस्था १९४९ पासून जर्मन उद्योगांना दोनच मुख्य प्रश्न विचारत आली आहे: तुमचा धंदा आज कसा आहे, आणि पुढच्या सहा महिन्यांत कसा राहील? उत्तरंही तीनच: चांगला, ठीक, वाईट; सुधारेल, तसाच राहील, बिघडेल. आपल्याकडे दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था १९९१ पासून उद्योगांच्या अपेक्षांची पाहणी करते. रिझर्व्ह बँक १९९८ पासून दर तिमाहीला उत्पादन क्षेत्रातल्या कंपन्यांची पाहणी करते आणि कुटुंबांचा विश्वास मोजणारी पाहणी वेगळी घेते.

या सगळ्यांमधून तीन गोष्टी उचलायच्या. रुपयांचा आकडा विचारण्याऐवजी ‘वाढलं, तेवढंच, कमी झालं’ अशी दिशा विचारायची. आजचं आणि उद्याचं वेगवेगळं विचारायचं. आणि ठरावीक अंतराने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. या पाहण्या देशाचं चित्र देतात. त्यातून इचलकरंजीतल्या खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाचं काय चाललंय हे कळत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं. कोल्हापूरला याची परंपराही आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४० च्या दशकात ना. वि. सोवनी यांच्याकडून या शहराची सविस्तर सामाजिक-आर्थिक पाहणी करून घेतली होती, आणि तिच्यात उद्योग, व्यापार व मजुरी यांचा स्वतंत्र विचार होता.

पहिली पायरी: भाग आणि प्रश्न आखून घ्या

‘कोल्हापूर जिल्ह्याचं आर्थिक वातावरण’ हा विषय एका पाहणीत मावत नाही. गुऱ्हाळाचा हंगाम, साखर कारखान्याचा गाळप हंगाम, ट्रॅक्टरच्या कास्टिंगची (ओतीव भागांची) मागणी आणि ग्रे (प्रक्रिया न केलेल्या) कापडाचा भाव यांचे चढउतार एका वेळी येत नाहीत. सगळ्यांची सरासरी काढली तर जे उत्तर येईल ते कोणाच्याच उपयोगाचं नसेल. म्हणून पहिल्या वेळी एकच पट्टा आणि दोन-तीनच धंदे घ्या. उदाहरणार्थ, शिरोली आणि गोकुळ शिरगावमधल्या फौंड्री आणि मशीनशॉप. किंवा इचलकरंजीतले स्वतःचं सूत घेऊन कापड विणणारे आणि मजुरीवर विणून देणारे. यंत्रमाग दोघांकडेही असले तरी सुताचा भाव पडला की पहिल्याच्या गोदामातल्या मालाची किंमत उतरते आणि दुसऱ्याच्या मजुरीला लगेच धक्का लागतोच असं नाही. त्यांना एका रकान्यात टाकू नका.

मग एका कागदावर लिहा की या पाहणीच्या निकालावरून कोण काय ठरवणार आहे. बँकेला खेळत्या भांडवलाची गरज कळायची आहे? आयटीआयला कोणता ट्रेड वाढवायचा ते ठरवायचं आहे? संघटनेला वीजदराबद्दल मुंबईत निवेदन द्यायचं आहे? शेवटचा हेतू असेल तर जरा थांबा. महाराष्ट्राचा वीजदर आणि शेजारच्या कर्नाटकातला दर हा इथल्या उद्योजकांच्या बोलण्यात कायम येणारा विषय आहे, आणि रास्त विषय आहे. पण निवेदनासाठी पुरावा गोळा करणारी पाहणी आणि परिस्थिती समजून घेणारी पाहणी एकाच प्रश्नावलीत बसवली की दोन्हींवरचा विश्वास जातो. त्यांच्या प्रश्नावल्या वेगळ्या ठेवा.

दुसरी पायरी: यादी

पाहणी बिघडते ती बहुतेक वेळा इथे. संघटनेची सभासद यादी हाताशी असते, म्हणून तीच वापरली जाते. पण सभासद होणारे उद्योग बहुधा टिकलेले, थोडे मोठे आणि बोलायला सरावलेले असतात. एका प्लॉटवर मालकाचं मशीनशॉप, मागच्या शेडमध्ये भाड्याने दिलेलं फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करण्याचं काम) आणि कोपऱ्यात साच्यासाठी पॅटर्न बनवणारा, असं तिघांचं काम चालतं. एमआयडीसीच्या प्लॉटधारकांच्या यादीत मात्र एकच नाव असतं. कारखाना म्हणून नोंद असलेल्यांच्या यादीत लहान युनिटं नसतात. जुलै २०२० पासून सुरू झालेल्या उद्यम नोंदणीत लहान धंदे बरेच आले आहेत, पण कर्जासाठी नोंदणी करून प्रत्यक्षात धंदा सुरू न केलेलेही त्यात असू शकतात.

उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा नाही: मिळतील त्या याद्या एकत्र करा, आणि मग रस्त्यारस्त्याने चालत जाऊन प्रत्येक शटर तपासा. दोन विद्यार्थ्यांनी एक गल्ली घ्यायची. युनिटचं काम काय, अंदाजे किती माणसं, चालू की बंद, एवढंच लिहायचं. या फेरीत मुलाखत घ्यायची नाही.

बंद शटर वगळू नका. शेजाऱ्याला विचारा, कधी बंद पडलं, इथून हललं की कायमचं संपलं. फक्त चालू युनिटांना विचारलं तर परिस्थिती नेहमी असते त्यापेक्षा बरी दिसते, कारण ज्यांचं सगळ्यात वाईट झालं ते उत्तर द्यायला उरलेलेच नसतात. तुमच्या अहवालात ‘तपासलेल्या शटरांपैकी इतकी बंद’ ही ओळ स्वतंत्र आली पाहिजे, आणि पुढच्या फेरीत तीच शटरं पुन्हा पाहिली पाहिजेत.

तिसरी पायरी: किती जणांना विचारायचं

चालत केलेली यादी आकाराप्रमाणे वाटून घ्या: १ ते ९ माणसं, १० ते ४९, आणि ५० किंवा त्याहून जास्त. मोठी युनिटं थोडीच असतात आणि त्यांच्यावर बरीच घरं अवलंबून असतात, म्हणून त्या सगळ्यांकडे जा. मधल्या गटातून निम्मी आणि लहानांतून दर पाचवं, असं काहीतरी प्रमाण ठरवा. निवड यादीतल्या क्रमाने करा. ओळखीच्या, रस्त्यालगतच्या किंवा चहा पाजणाऱ्या युनिटकडे पाय वळतात, ते टाळायला हा नियम उपयोगी पडतो.

संख्येबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. १०० जणांना विचारून ५० टक्के ‘हो’ आले, तर खरं प्रमाण साधारण ४० ते ६० च्या दरम्यान कुठेही असू शकतं. ४०० जणांना विचारलं तर हा पट्टा ४५ ते ५५ इतका अरुंद होतो. संपूर्ण यादीच ३०० युनिटांची असेल आणि त्यातल्या १०० कडे गेलात, तर वरची दोन्ही बाजूंची १० टक्क्यांची चूक सुमारे ८ पर्यंत येते. अहवालात ‘५३ टक्के आशावादी, म्हणजे बहुमत’ असं लिहिण्याआधी हे गणित आठवलं पाहिजे. कमी लोकांना विचारलंय याची लाज वाटण्याचं कारण नाही. ६० युनिटांची नीट निवडलेली पाहणी ६०० जणांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकपेक्षा जास्त खरं सांगते. लिंक भरणारे कोण आणि न भरणारे कोण, हे कधीच कळत नाही.

चौथी पायरी: मालकांचे प्रश्न

‘आपल्या भागाचं आर्थिक वातावरण कसं वाटतं?’ हा प्रश्न विचारला की उत्तर टीव्हीवरच्या बातम्यांमधून, पक्षाच्या आवडीनिवडीतून किंवा त्या दिवशीच्या मूडमधून येतं. तो विचारायचा असेल तर अगदी सुरुवातीला, एकदाच विचारा. ऑर्डर, उधारी आणि वीजबिल यांच्यानंतर विचारलात तर त्या तक्रारींची छाया त्याच्यावर पडते, आणि दोन फेऱ्यांत क्रम बदललात तर तुलनाच संपते.

त्यापुढचे प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या हातात असलेल्या गोष्टींचे हवेत. फौंड्री आणि मशीनशॉपसाठी मी हे घेईन:

गेल्या तीन महिन्यांत मिळालेलं काम मागच्या वर्षी याच तीन महिन्यांपेक्षा जास्त, तेवढंच की कमी?
आज हातात असलेली ऑर्डर किती आठवडे पुरेल?
गेल्या आठवड्यात किती शिफ्ट चालल्या? एरवी किती चालतात?
कच्चा माल, भंगार, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि वीज यांचा खर्च वाढला का, आणि ती वाढ गिऱ्हाइकाने दरात मान्य केली का?
शेवटचं मोठं बिल दिल्यापासून किती दिवसांनी पैसे आले?
तीन महिन्यांत किती माणसं नवी घेतली, किती गेली, किती जागा आज रिकाम्या आहेत?
रिकाम्या जागेसाठी किती पगार सांगितला आहे, किती तासांच्या शिफ्टसाठी?
पुढच्या सहा महिन्यांत काम वाढेल, तेवढंच राहील की कमी होईल?
नवीन मशीन घेण्याचं ठरलं होतं का, आणि ते पुढे ढकललं का?

बिलाच्या दिवसांचा प्रश्न कधीच गाळू नका. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. प्रत्यक्षात किती दिवस लागतात यावरून त्या पट्ट्याची तब्येत फार लवकर कळते. मोठी कंपनी अडचणीत आली की आधी पैसे लांबवते, ऑर्डर नंतर कमी करते. इचलकरंजीत हाच प्रश्न पेमेंटधारेचा विचारायचा: व्यापाऱ्याने कापड उचलल्यावर ठरलेल्या दिवसांत पैसे येतात का, की दिवस वाढले? मजुरीवर विणणाऱ्याला पिकाचा (कापडातल्या आडव्या धाग्यांवर ठरणारा) दर किती मिळतो आणि किती माग बंद ठेवले आहेत, हे विचारा. बंद मागांचा आकडा लोक न लाजता सांगतात. नफ्याचा सांगत नाहीत.

‘मागच्या वर्षी याच महिन्यांत’ हे शब्द मुद्दाम आहेत. दिवाळीनंतरचे महिने दिवाळीआधीच्या महिन्यांशी ताडून पाहिले तर कापडाचा धंदा दरवर्षीच मंद दिसेल. ऊसतोडीच्या दिवसांत वाहतूक, गॅरेज आणि किराणा दुकानं दरवर्षीच तेजीत दिसतील. मागचं वर्षच वेगळं असेल तर तेही लिहून ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस माल हलला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. अशा वर्षाशी तुलना केली तर पुढच्या वर्षाची वाढ फसवी निघते.

आणि एका प्रश्नात दोन गोष्टी घालू नका. ‘मागणी आणि नफा वाढला का?’ या प्रश्नाला मागणी वाढून नफा घटलेला माणूस काय उत्तर देणार?

पाचवी पायरी: कामगारांचे प्रश्न

इथे बहुतेक पाहण्या घाई करतात: ‘नोकरीबाबत समाधानी आहात का?’ विचारून मोकळ्या होतात. कामगाराला बाजाराची खबर मालकाइतकीच असते, फक्त तिच्या खुणा वेगळ्या असतात. ऑर्डर कमी झाली हे मालकाला ईमेलवरून कळतं. कामगाराला ओव्हरटाइम बंद झाला, ठेकेदाराने दोन दिवस ‘उद्या या’ सांगितलं, किंवा रात्रपाळीची माणसं दिवसपाळीत मिसळली, यावरून कळतं. अनेकदा तर वर्तमानपत्राच्या आधी कळतं. म्हणून त्याला हेच विचारा.

गेल्या महिन्यात किती दिवस काम मिळालं? किती दिवस येऊन परत जावं लागलं? ओव्हरटाइम मागच्या वर्षी या दिवसांत होता तेवढा आहे का? पगार ठरलेल्या तारखेला झाला का? तुमच्या खात्यात गेल्या तीन महिन्यांत किती नवे आले, किती कमी केले? तुम्ही कंपनीच्या हजेरीवर आहात की ठेकेदाराच्या? हे काम उद्या सुटलं तर असंच काम मिळायला किती दिवस लागतील असं वाटतं? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. भागात कामाला मागणी आहे की नाही, याचा निवाडा त्यात कामगार स्वतः करतो, आणि तो स्वतःच्या पोटाला धरून करतो.

घराबद्दल दोन-तीनच प्रश्न ठेवा: तीन महिन्यांत उसने, बचत गटातून किंवा सोनं ठेवून पैसे काढावे लागले का? किराणा दुकानाची उधारी वाढली का? परगावचा असेल तर घरी पाठवायची रक्कम तेवढीच आहे की कमी झाली? पगाराचा आकडा थेट विचारण्यापेक्षा गट दाखवून बोट ठेवायला सांगा.

यंत्रमागावर मजुरी कापडावर ठरते, त्यामुळे तिथे ‘पगार’ हा शब्द अपुरा पडतो. किती माग सांभाळता, आठवड्याला किती मीटर निघतं, सूत खराब आल्यामुळे किती वेळ माग उभे राहतात, असं विचारावं लागतं. कांडीवर सूत भरणारे कांडीवाले, ताण्याचे धागे फणीत भरणारे वहिफणीवाले, माग दुरुस्त ठेवणारे जॉबर, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधले कामगार यांची मजुरी वेगवेगळ्या पद्धतीने ठरते. हुपरीत चांदीच्या दागिन्यांचं बरंचसं काम घराघरांत चालतं, आणि त्यात बायका असतात. त्या स्वतःला कामगार म्हणवून घेतीलच असं नाही. ‘कामाला जाता का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतील, आणि दिवसभर साखळ्या जोडत असतील. त्यांना विचारायचं: घरी कोणाचं काम येतं का, किती दिवस आलं, दर काय मिळतो?

सहावी पायरी: कामगारापर्यंत पोहोचणं

कारखान्याच्या आत, सुपरवायझरने निवडून दिलेल्या पाच जणांशी बोलू नका. त्या उत्तरांचा उपयोग नाही, आणि खरं बोलणाऱ्याची नोकरी धोक्यात येते. मालकाने आग्रह केला तरी नम्रपणे नको म्हणा.

त्याऐवजी जागा आणि वेळ ठरवा: शिफ्ट सुटताना एमआयडीसीचं मुख्य प्रवेशद्वार, एसटी आणि केएमटीचे (शहर बससेवेचे) थांबे, सकाळी ठेकेदार माणसं उचलतो तो नाका, खोल्यांच्या चाळी, सुट्टीच्या दिवशीचा आठवडी बाजार. प्रत्येक जागी ‘दर सहावा माणूस’ असा नियम पाळा. तिन्ही शिफ्टच्या वेळा घ्या. फक्त संध्याकाळी उभे राहिलात तर रात्रपाळीवाले, म्हणजे मंदीत आधी कमी होणारे, निसटतात. साप्ताहिक सुट्टीचा वार प्रत्येक औद्योगिक वसाहतीत एकच असतो असं धरू नका, आधी विचारून घ्या.

उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांसाठी प्रश्नावली हिंदीत हवी, आणि तिचं जागच्या जागी तोंडी भाषांतर करून चालणार नाही. आधी लिहून, एका हिंदी बोलणाऱ्या कामगाराला वाचून दाखवून, मग छापा. बायकांशी बोलायला बायकाच असाव्यात. कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी जरूर बोला, त्यांची माहिती खोल असते, पण त्यांची मुलाखत कामगारांच्या नमुन्यात मोजू नका.

थकून घरी निघालेल्या माणसाची १० मिनिटं आपण घेतो आहोत. प्रश्न बारापेक्षा जास्त नकोत. सुरुवातीलाच सांगा की नाव लिहिणार नाही, मध्येच निघून जाता येईल, आणि या पाहणीतून तुमच्या पगारात लगेच फरक पडणार नाही. हे शेवटचं वाक्य टाळावंसं वाटतं, पण ते सांगितलंच पाहिजे. लोक आशेने बोलतात, त्यांना खोटी आशा लावणं अन्यायाचं आहे.

सातवी पायरी: चाचणी, तारखा, माणसं

पाच मालक आणि दहा कामगार यांच्यावर प्रश्नावली आधी चालवून पाहा. जिथे माणूस ‘म्हणजे काय?’ असं विचारतो, तो प्रश्न त्याच्याच शब्दांत बदला.

तारखांची निवड साधी वाटते, पण मालक भेटणं त्यावरच ठरतं. महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटी विवरणपत्रांची, १५ तारीख पीएफ आणि ईएसआयची, शेवटचा आठवडा माल रवाना करण्याच्या धावपळीचा. मार्चअखेर तर कोणाकडे जाऊच नका. महिन्याच्या १ ते ९ तारखेदरम्यान मागच्या महिन्याचा हिशेब ताजा असतो आणि माणूस बसून बोलतो. पगारही साधारण याच दिवसांत होतात, त्यामुळे ‘पगार वेळेवर झाला का?’ याचं उत्तर कामगाराच्या ओठांवर असतं. मालक आणि कामगार दोघांची पाहणी त्याच पंधरवड्यात उरका. मालकांना जूनमध्ये आणि कामगारांना ऑगस्टमध्ये विचारून त्यांची तुलना करता येत नाही.

विचारणाऱ्या मुलामुलींना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या आणि त्यात एकच गोष्ट घोटून घ्या: प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, आणि उत्तर सुचवायचं नाही. ‘म्हणजे काम कमीच झालं असेल ना काका?’ हे एक वाक्य अख्खा दिवस वाया घालवतं. त्यांना मानधन आणि प्रवासखर्च वेळेवर द्या.

आठवी पायरी: गुपित राखणं

प्रत्येक युनिटला क्रमांक द्या. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही एकाच माणसाकडे, वेगळ्या कुलुपात. कामगाराचं नाव, मोबाइल नंबर लिहायचाच नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी हा विश्वासाचा मामला आहे. छापताना पाचपेक्षा कमी युनिटांचा कोणताही गट वेगळा दाखवू नका. ‘कागल वसाहतीतली ५०० पेक्षा जास्त कामगारांची फौंड्री’ असं लिहिलं की नाव न लिहिताही सगळ्यांना कळतं. मालकाला त्याच्याच कामगारांनी काय सांगितलं हे कधीही, कुठल्याही रूपात सांगू नका. त्यासाठी दोन्ही बाजूंची जुळणी कारखान्यापुरती न करता संपूर्ण वसाहतीच्या किंवा धंद्याच्या पातळीवरच करा.

नववी पायरी: हिशेब

तीन उत्तरांचा हिशेब सोपा आहे. ‘वाढलं’ म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून ‘कमी झालं’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करा. येईल तो आकडा उणे १०० ते अधिक १०० च्या मध्ये असतो. रिझर्व्ह बँक याच पद्धतीने निव्वळ प्रतिसाद काढते. पीएमआय (कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक) म्हणून जो आकडा बातम्यांत येतो, त्यात ‘वाढलं’ची टक्केवारी अधिक ‘तेवढंच’ची निम्मी टक्केवारी धरतात, म्हणून तिथे ५० ही मध्यरेषा असते. कोणतीही एक पद्धत घ्या आणि तिलाच धरून राहा.

खरी मेख वजन देण्यात आहे. हे काल्पनिक उदाहरण पाहा. पट्ट्यात ४ मोठी युनिटं आहेत, मिळून १,२०० कामगार, आणि चौघंही म्हणतात काम कमी झालं. सोपं करायला मधला आणि लहान गट एकत्र ‘लहान’ धरू: अशी २८० युनिटं आहेत, प्रत्येकी सरासरी १० माणसं. त्यांपैकी ५६ जणांना विचारलं: ३४ म्हणाले वाढलं, १४ तेवढंच, ८ कमी. नुसती उत्तरं मोजली तर ६० पैकी ३४ वाढलं, १२ कमी, म्हणजे निव्वळ अधिक ३७. आलेल्या उत्तरांना फक्त कामगारसंख्येचं वजन दिलं तर उणे ५३. पण विचारलेलं प्रत्येक लहान युनिट प्रत्यक्षात पाच युनिटांची जागा घेतं, हे लक्षात घेऊन वजन दिलं तर एकूण ४,००० कामगारांपैकी १,७०० जणांच्या युनिटात काम वाढलं, १,६०० जणांच्या युनिटात कमी झालं, निव्वळ अधिक २.५. एकाच पाहणीतून तेजी, मंदी आणि जैसे थे, तिन्ही निघाले. म्हणून कोणतं वजन वापरलं ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. आणि या उदाहरणात तर एक आकडा देणंच चुकीचं आहे. मोठी युनिटं घसरताहेत आणि लहान सावरताहेत, ही खरी बातमी आहे.

निव्वळ आकड्याची चूक साध्या टक्केवारीपेक्षा मोठी असते, हेही ध्यानात ठेवा. ८० युनिटांपैकी ३२ वाढलं, ३० तेवढंच, १८ कमी असं आलं तर निव्वळ अधिक १७.५ येतं, पण त्याची चूक सुमारे १७ गुणांची असते. म्हणजे ‘किंचित वाढ असावी’ यापलीकडे ठाम बोलता येत नाही.

दहावी पायरी: दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचणं

आता मालकांचा आणि कामगारांचा तक्ता शेजारी मांडा. ऑर्डर वाढल्या आणि ओव्हरटाइमही वाढला, तर वाचन सरळ आहे. ऑर्डर वाढल्या पण कामाचे दिवस वाढले नाहीत, तर नवीन मशीन आली का, काम बाहेर जॉबवर्कला गेलं का, की हजेरीवरची माणसं कमी करून ठेकेदाराची घेतली, ते तपासा. ऑर्डर कमी झाल्या पण कामगार म्हणतात काम भरपूर, तर जुनी ऑर्डर अजून चालू असेल आणि घसरण दोन-तीन महिन्यांनी जाणवेल. रिकाम्या जागा खूप आणि ‘दुसरं काम मिळायला महिने लागतील’ म्हणणारेही खूप, असं दिसलं तर मालकांनी सांगितलेला पगार आणि कामगारांना परवडणारा पगार, शिफ्टचे तास, येण्याजाण्याचं अंतर हे तीन रकाने ताडून पाहा. सुरुवातीला सांगितलेला कोल्हापूरचा पेच इथे उलगडतो.

पुढच्या सहा महिन्यांची अपेक्षा वाचताना सावध राहा. लोक उद्याबद्दल आजपेक्षा जास्त आशा बाळगतात. रिझर्व्ह बँकेच्या कुटुंबांच्या पाहणीतही भविष्याचा निर्देशांक गेली कित्येक वर्षं वर्तमानाच्या वर राहिला आहे. म्हणून अपेक्षेचा आकडा शून्याशी ताडू नका, त्याच लोकांच्या मागच्या फेरीतल्या अपेक्षेशी ताडा.

अकरावी पायरी: निकाल परत देणं आणि पुढची फेरी

निकाल दोन रूपांत काढा. संघटना, बँक आणि प्रशासनासाठी आठ-दहा पानांचा अहवाल, आणि कामगारांसाठी मोठ्या अक्षरांतलं एक पान, जे चहाच्या टपरीवर, थांब्यावर, चाळीत लावता येईल. ज्यांनी वेळ दिला त्यांना निकाल पाहण्याचा हक्क आहे. शिवाय पान लावलेलं दिसलं की पुढच्या फेरीत लोक स्वतःहून थांबतात. मालक आणि कामगार संघटना दोघांना एकाच दिवशी निकाल द्या.

पुढची फेरी तीन महिन्यांनी, त्याच युनिटांकडे. तीच युनिटं पुन्हा घेतली की बदल मोजताना नमुन्याची चूक बरीच कमी होते, आणि आधी ज्या ८० युनिटांवरून ठाम बोलता येत नव्हतं त्यांच्यावरून दिशा सांगता येऊ लागते. दर फेरीला पाचव्या हिश्श्याइतकी युनिटं बदला, नाहीतर लोक कंटाळून ठोकळेबाज उत्तरं देतात. बदललेल्यांच्या जागी त्याच आकाराच्या गटातली, यादीतली पुढची युनिटं घ्या. कामगार तेच सापडणार नाहीत, म्हणून जागा, वेळ आणि ‘दर सहावा’ हा नियम तसाच ठेवा. मागच्या फेरीत चालू असलेलं आणि आता कुलूप लागलेलं युनिट ‘भेट झाली नाही’ या रकान्यात टाकू नका, ‘बंद’ या रकान्यात टाका, आणि तिथले कामगार कुठे गेले ते शेजारच्या शेडमध्ये विचारून घ्या.